अनवाणी धावता, पण दिवसभर पायात काय असतं?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. दोन महिन्यांपासून मनात घोळत होतं, आज सवडीने लिहितोय. जरा लांबेल.

मी जळगावला नोकरी करतो, वय ४३. सहा वर्षांपासून सकाळी मेहरूण तलावाकडे धावायला जातो. गेल्या दिवाळीनंतर बूट काढून धावायला लागलो. सुरुवात बेताचीच होती, आधी एक किलोमीटर, मग दोन. तिसऱ्याच दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. मला वाटलं, तळव्याची कातडी कोवळी आहे म्हणून मी अवघडून धावतोय, ती राठ झाली की आपोआप जमेल. महिनाभरात कातडी तयार झाली, बारीक खडी टोचेनाशी झाली. पोटऱ्यांचं दुखणं मात्र होतं तिथेच. शिवाय टाचेच्या मागे, जाड शीर हाडाला मिळते त्या जागी, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकणं जिवावर यायचं.

उत्तर सापडलं ते शेतात. एरंडोल तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. फेब्रुवारीत दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आली होती. मी बूट काढून बांधावर बसलो होतो, तेवढ्यात गोऱ्हा दावं तोडून सुटला. आमचे सालदार आबा गाडवाटेने त्याच्यामागे पळाले. वय साठीच्या आसपास, पायात काही नाही. मीही तसाच मागे पळालो. गोऱ्हा सापडला. परत येताना आबा सहज म्हणाले, "भाऊ, तुम्ही टाच आपटतस."

वाटेवर बोटभर फुफाटा होता आणि त्यात दोघांची पावलं शेजारी शेजारी उमटलेली. मी खाली बसून बघितली. आबांच्या पावलात पाचही बोटं सुटी, पसरलेली. चवड्याचा ठसा खोल, टाच नुसती टेकलेली. दोन पावलांतलं अंतर माझ्यापेक्षा वीतभर कमी. माझ्या पावलात टाचेने खळगा पाडलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि करंगळी तर उमटलीच नव्हती.

त्या रात्री घरी वर्तमानपत्रावर उभा राहिलो आणि पावलाभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. त्यावर ऑफिसचा काळा बूट ठेवला. करंगळीच्या बाजूला जवळजवळ बोटभर पाऊल बुटाच्या बाहेर, अंगठ्याच्या बाजूलाही थोडं. म्हणजे एवढं पाऊल मी रोज त्या चोचीत कोंबत होतो. मग पट्टी लावली. टाचेखाली ३२ मिलीमीटर, चवड्याखाली १०. सव्वादोन सेंटीमीटरच्या चढावर मी दिवसाचे अकरा तास उभा असतो. घरी आलो की मऊ फोमची स्लिपर. अनवाणी असतो ते पाऊण तास, तेही एक दिवसाआड.

माझं म्हणणं एवढंच आहे. धावण्याच्या पाऊण तासात पाय बदलत नाही, उरलेल्या दिवसात तो घडतो. अनवाणी धावण्याबद्दल मी जे जे वाचलं त्यात चवड्यावर उतरा, पावलं लहान टाका, गुडघा सैल ठेवा, हे सगळं होतं. पण दिवसभर टाच वर आणि बोटं आवळलेली ठेवून पहाटे पाच वाजता पायाला एकदम वेगळं वागायला सांगितलं तर तो कुठून वागणार?

चार महिन्यांपूर्वी मी उलटं केलं. धावणं निम्म्यावर आणलं आणि रोजचं पायताण बदललं. ऑफिसला सपाट तळाची, पुढून रुंद, मागे पट्टा असलेली चामडी सॅंडल. घरात काहीच नाही, सरळ फरशीवर. तीन आठवड्यांनी सकाळचं टाचेचं दुखणं गेलं. दोन महिन्यांनी पोटऱ्यांनी तक्रार थांबवली. आता तीन किलोमीटर अनवाणी होतात आणि पावलाचा आवाज मलाच ऐकू येत नाही.

तुमचे अनुभव सांगा. मुख्य म्हणजे रोज पायात काय घालता ते सांगा.

भरती_१६००

दादा, मी धुळ्याचा. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटरला धावतो. आमच्या मैदानावर निम्मी पोरं अनवाणीच धावतात, बुटाला पैसे कोणाकडे आहेत. मी दिवसभर अंगठ्याची रबरी स्लिपर घालतो. म्हणजे टाच उंच नाही, पुढून उघडी आहे, तुमच्या हिशोबाने चांगलीच म्हणायची. तरी शेवटच्या चारशे मीटरला माझी बोटं आपोआप आत वळतात आणि तळव्याला पेटके येतात. असं का होतं?

पाऊल_आणि_पोटरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धुळ्यातच. आधी भरतीवाल्या भावाला उत्तर देते.

तुझी स्लिपर जुनी झाली असेल तर आत्ता उलटून बघ. आतल्या बाजूला, बोटांच्या टोकांखाली पाच खळगे पडलेले असतील. मागे पट्टा नसलेली स्लिपर पायात टिकावी म्हणून बोटं प्रत्येक पावलाला तिला पकडून धरतात. तुझ्या लक्षातही येत नाही, पण दिवसभरात हजारो वेळा हे होतं. अशा स्लिपरमध्ये माणसाचं पाऊल आखूड पडतं, हे मोजून पाहिलेलं आहे. बोटं वळवणाऱ्या स्नायूंना तीच सवय लागते आणि दमल्यावर शरीर सवयीवर जातं. धावताना अंगठा मागे वाकून जमीन ढकलायला हवा. अंगठा वर वाकला की तळव्याखालचा जाड पडदा ताणला जातो, कमान उचलली जाते आणि पाय ताठ होऊन ढकलायला तयार होतो. तू बोटं आवळून धावतोस तेव्हा हे होतच नाही, सगळा भार लहान स्नायूंवर येतो. म्हणून पेटके.

उपाय स्वस्त आहे. त्याच स्लिपरला मागून पट्टा बसवून घे. आणि रोज रात्री खाटेवर बसून फक्त अंगठा उचल, बाकीची चार बोटं जमिनीवर ठेव. मग उलट कर. पहिल्या दिवशी जमणार नाही. हाताने बोटं दाबून धर आणि पायाला शिकव.

गिरणाकाठ दादा, तुमच्या टाचेबद्दल. टाच उंच असली की पोटरी आखडलेल्या लांबीत काम करते, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की तीच तिची लांबी होते. नेहमी उंच टाचा घालणाऱ्या स्त्रियांवर २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) जाड व ताठर झालेली आढळली. त्या टाचा पाच सेंटीमीटर आणि त्याहून वरच्या होत्या. तुमची त्यापेक्षा कमी, पण दिशा तीच. अनवाणी धावताना माणूस चवड्याकडे उतरतो, त्यामुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो. तो नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येतो. आखडलेल्या पोटरीवर तो टाकला तर ठणकणारच.

घरी तपासायचं असेल तर भिंतीसमोर एक पाऊल सरळ ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंगठा भिंतीपासून हळूहळू मागे न्या. दहा सेंटीमीटरपर्यंत जमलं तर छान. पाच-सहालाच टाच उचलली जात असेल तर धावणं थांबवून आधी पोटरी मोकळी करा.

नवरात्र_अनवाणी

मी नंदुरबारची. ताई, तुमचं वाचून एक कोडं सुटलं.

आमच्याकडे नवरात्रात बऱ्याच बायका नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. मीही घालत नाही. एरवी ऑफिसला अडीच इंची टाचेची सॅंडल. दरवर्षी पहिले चार दिवस पोटऱ्या तटतटतात, टाचा दुखतात, सातव्या-आठव्या दिवशी चाल हलकी होते आणि दसऱ्याला सॅंडल घातली की कुठेतरी उंच चढून बसल्यासारखं वाटतं. मी इतकी वर्षं ते उपवासाचं, व्रताचं समजत होते. श्रद्धा आहेच, पण पायाचंही काही चाललेलं असतं हे आता कळलं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात पायी वणीला गेले होते सप्तशृंगीला. खान्देशातून किती लोक जातात ते तुम्हाला माहीत आहेच. आमच्या जथ्यात दोघी अनवाणी होत्या. एक शेतात काम करणारी, तिला शेवटपर्यंत एक फोड नाही. दुसरी माझ्यासारखी ऑफिसची, तिला दुसऱ्याच दिवशी चवड्याला फोड. रस्ता एक, ऊन एक, अंतर एक.

मी धावत नाही, भरभर चालते. तरी आजपासून घरात स्लिपर बंद.

शिरपूरचा_मास्तर

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, २२ वर्षं झाली. माझं निरीक्षण सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा या आदिवासी समाजातली मुलं आमच्याकडे येतात. पाचवीत येतात तेव्हा त्यांना धावायला शिकवावं लागत नाही. मान ताठ, पावलं जलद, आवाज नाही. मग गणवेशाचा बंद काळा बूट सुरू होतो. बूट एक माप मोठा घेतात, दोन वर्षं चालावा म्हणून. मूल तो पायातून निसटू नये म्हणून पाय घासत, टाच टेकवत चालायला लागतं. आठवीत तेच मूल शंभर मीटरला टाचेवर उतरताना मी पाहिलं आहे. मी ज्या शाळेत आधी होतो तिथे मैदानाच्या तासालाही बूट काढू द्यायचे नाहीत, रांगेत उभं राहिल्यावर नीटनेटकं दिसत नाही म्हणून. मी तीन वेळा विनंती केली, मान्य झाली नाही. ते मनाला लागलेलं आहे.

आपल्याच देशातला एक जुना अभ्यास आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पायाचे ठसे घेतले होते, १९९२ साली तो छापून आला. पायताण घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. बंद बुटात सर्वांत जास्त, सॅंडल आणि स्लिपरवाल्यांत त्याहून कमी. मी पालकसभेत दरवर्षी हे सांगतो. लहान मुलांना घरात आणि अंगणात तरी मोकळं राहू द्या.

पांझरेचा_पूर

सगळं पटतं, पण दुसरी बाजूही यायला हवी.

माझ्या धाकट्या भावाने असंच वाचून एका महिन्यात बुटातून थेट अनवाणी, तेही डांबरी रस्त्यावर, रोज सहा किलोमीटर सुरू केलं. पाचव्या आठवड्यात पायाच्या वरच्या बाजूला सूज. एक्स-रेत आधी काही दिसलं नाही, नंतर चवड्याच्या लांब हाडाला बारीक तडा निघाला. दोन महिने घरी. २०१३ साली अमेरिकेत पातळ तळाच्या, प्रत्येक बोटाला वेगळी जागा असलेल्या बुटांवर अभ्यास झाला होता. दहा आठवड्यांत हळूहळू बदल करायला सांगितलेल्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. आणि ही सगळी आधीपासून धावणारी मंडळी होती.

लोक इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं उदाहरण देतात. १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. बरोबर आहे. पण १९६४ ला टोकियोत तोच बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. बूट वाईट असं त्याने कधी सिद्ध केलं नाही.

आणि आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर डांबरावर पाय ठेवून दाखवा.

गिरणाकाठ

भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. भावाचा पाय आधीच्या वीस वर्षांत ज्या बुटात घडला होता त्याने सहा किलोमीटर मागितलेच नव्हते. हाड जुळवून घेतं, पण स्नायूपेक्षा सावकाश, आणि कातडीपेक्षा तर फारच सावकाश. कातडी महिन्यात तयार होते म्हणून आपण फसतो. मीही फसलो होतो.

उन्हाचं खरं आहे. मार्चनंतर मी साडेसहाच्या आत घरी असतो, आणि डांबर टाळून मातीच्या कडेने धावतो.

वादी_अंगठा

अमळनेर. आमचं पिढीजात चपला-जोड्यांचं काम, वडील अजून दुकानावर बसतात. मी बँकेत आहे पण रविवारी दुकानात असतो.

वडील गिऱ्हाईक न बघता जोडा बघून सांगतात माणूस कसा चालतो. टाचेची बाहेरची कड तिरपी झिजली असेल तर टाच घासत उतरतो. चवड्याच्या आतल्या बाजूला चामडं काळं-गुळगुळीत झालं असेल तर पाय आत पडतो. एका जोडीतल्या एकाच चपलेचा अंगठा सैल झाला असेल तर दुसऱ्या पायाला काहीतरी दुखणं आहे. गिरणाकाठ दादांनी फुफाट्यात जे बघितलं ते आम्ही तळाला बघतो.

ज्यांना रोजच्या वापराला सपाट चप्पल हवी त्यांनी शिवून घेताना एवढं सांगावं. टाचेखाली वेगळा थर लावू नका, तळ पुढून मागून एकाच जाडीचा ठेवा. माप बसून देऊ नका, उभं राहून द्या. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं, बसून दिलेलं माप हमखास अरुंद होतं. तेही संध्याकाळी द्या, दिवसभराने पाय थोडा भरलेला असतो. पुढचा आकार टोकदार नको, पावलाच्या रेघेप्रमाणे कापायला सांगा, करंगळीच्या बाहेर तळ थोडा दिसला पाहिजे. अंगठ्याची वादी घट्ट नको. आणि मागे पट्टा हवाच, ताईंनी वर कारण सांगितलंच आहे. टायरचा तळ टिकाऊ असतो, पण जाड टायर वाकत नाही. चप्पल हातात घेऊन चवड्यापाशी दुमडून बघा, सहज दुमडली तरच पाय तिच्यात काम करेल.

नवं चामडं पहिले आठ दिवस लागतं. खोबरेल तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा.

पाऊल_आणि_पोटरी

वादी_अंगठा दादा, उभं राहून माप देण्याचं तुम्ही सांगितलंत ते मी उद्यापासून पेशंटला सांगणार.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली, घट्ट्यांची. बरेच जण विचारतात, तळवा राठ झाला तर जमीन कळणं कमी होईल ना? २०१९ साली केनियात आणि अमेरिकेत लोकांचे तळवे मोजले गेले. अनवाणी राहणाऱ्यांची कातडी जाड होती, पण स्पर्शाची जाण कमी झालेली नव्हती. कातडी जाड असली तरी कडक असते, त्यामुळे दाब आतपर्यंत पोचतो. मऊ फोम मात्र तो मध्येच गिळतो. म्हणून जाड गादीच्या बुटात माणूस टाच जोरात आपटतो तरी त्याला कळत नाही. आबांना जमीन कळते म्हणून ते हलके उतरतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

दुसरी, आणि ही कृपा करून सगळ्यांनी वाचा. मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, तळव्याला गरम-गार नीट कळत नसेल, तर अनवाणी धावणं नाही, अनवाणी चालणंही नाही. घरातसुद्धा नाही. माझ्याकडे आलेल्या एका काकांना देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजलेला संध्याकाळी मोज्याला पाणी लागल्यावर कळला. ती जखम भरायला पाच महिने लागले. अशांसाठी रुंद, मऊ, बंद पायताणच योग्य. बाकीच्यांनीही धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या, आणि गोठ्याच्या, उकिरड्याच्या ओल्या मातीत अनवाणी जाऊ नका, अंकुशकृमी (हुकवर्म) हे जंत तळव्यातूनच शिरतात.

नवरात्र_अनवाणी

ताई, मग माझ्यासारख्यांनी उंच टाच एकदम सोडायची का?

पाऊल_आणि_पोटरी

नाही. अडीच इंचावरून आधी दीड, महिन्याभराने पाऊण, मग सपाट. एकदम सपाटवर आलात तर टाचेचं दुखणं मागे लागेल आणि तुम्ही पुन्हा उंच टाचेकडे जाल. लग्नाकार्याला घातली एखाद्या दिवशी तर काही बिघडत नाही. रोज सोबत जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा वेळा, दोनदा. आणि घाई करू नका. इंग्लंडमध्ये लोकांना सहा महिने रोजच्या वापराला पातळ तळाचे बूट दिले होते, व्यायाम वेगळा काही नाही, त्यांच्या पायाची ताकद सरासरी निम्म्याहून जास्त वाढली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सहा महिने लागले, हे लक्षात ठेवा.

शिरपूरचा_मास्तर

भरतीच्या पोरांसाठी एक. शेतात अनवाणी धावायला जाऊ नका, विशेषतः कपाशी काढल्यावर. पऱ्हाटीचे खुंट भाल्यासारखे उभे असतात, आणि बांधावर सराटे. धावताना नजर दहा-बारा पावलं पुढे ठेवा. बाभळीखालून जाणारी वाट असेल तर चालत जा. काटा मोडून आत राहिला तर सुईने उकरत बसू नका, दवाखान्यात काढून घ्या.

आणि पावलं मोजा. मिनिटाला १७०-१८० च्या आसपास पडली की टाच आपोआप अंगाच्या जवळ येते, वेगळं सांगावं लागत नाही.

भरती_१६००

सगळ्यांचे आभार. मागच्या रविवारी स्लिपर उलटून बघितली, ताई म्हणाल्या तसे खळगे होते, उजवीकडे जास्त खोल. चौकातल्या मोचीकाकांकडून मागून पट्टा शिवून घेतला, जुन्या दप्तराचा होता. ते म्हणाले आजवर कोणी हे करून घेतलं नाही.

आठ दिवस झाले. चालताना पहिले दोन दिवस बोटं रिकामी वाटत होती, काही धरायलाच नाही. आज १६०० ला शेवटच्या फेरीत पेटका आला, पण शंभर मीटर उशिरा. एकटा डावा अंगठा आता उचलता येतो. उजवा अजून बाकीच्यांना घेऊनच उठतो.

पाऊल_आणि_पोटरी

उजवा अंगठा हाताने धरून उचल, रोज वीस वेळा. पुढच्या रविवारी कळव.